कर्क्युमिनची पहिली प्लेट लावण्याआधी
हळदीतल्या कर्क्युमिनने प्रयोगशाळेच्या प्लेटमधल्या कर्करोगाच्या पेशी मेल्या म्हणून लगेच हुरळून जाऊ नकोस. आधी पेशी नसलेल्या वेल्समध्ये (प्लेटच्या खळग्यांत) कर्क्युमिन आणि एमटीटी (जिवंत पेशींत जांभळं होणारं रसायन) एकत्र करून बघ. कर्क्युमिनसारखी पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली रसायनं) पेशींविनाही जांभळा रंग आणू शकतात, मग मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. तुलनेसाठी नुसत्या डीएमएसओचं (कर्क्युमिन विरघळवायच्या द्रावकाचं) कंट्रोल आणि निरोगी पेशी हव्यातच. मात्रेचं भान तर फार महत्त्वाचं: माणसांनी रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन घेऊनही रक्तात जेमतेम २ मायक्रोमोलर (तीव्रतेचं एकक) सापडलं, आणि प्लेटमध्ये सर्रास ५० मायक्रोमोलर वापरतात! शिवाय प्लेटमध्ये पेशी मारणं म्हणजे माणसांत कर्करोगाला प्रतिबंध नव्हे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या चाचणीत कर्करोग टळावा म्हणून बीटा-कॅरोटीन (गाजरातलं रंगद्रव्य) घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग उलट १८ टक्क्यांनी जास्त आढळला. विषारीपणाची तपासणी शेवटावर ढकलू नकोस, सुरुवातीलाच कर.