संगणकीकृत सातबाऱ्यावर क्षेत्र कमी लागलंय? दिवाणी दाव्याआधी कलम १५५ बघा

दादा, हस्तलिखित सातबाऱ्यावर वडिलांच्या नावे ०.८१ हेक्टर आणि संगणकीकृत उताऱ्यावर ०.१८, हे तुमचं वाचलं आणि लिहायला बसलो. आमचंही क्षेत्र संगणकावर चढवताना असंच घटलं होतं.

उतारे कुठून काढायचे वगैरे तुम्हाला माहीत असेलच. आमची वर्षं खाल्ली ती एका कार्यालयाने. "क्षेत्राचा विषय आहे, दिवाणी कोर्टातून हुकूम आणा", एवढंच तोंडी सांगायचे. लेखी कधीच नाही. वकील झाला, कोर्ट फी झाली, आणि तोवर पीककर्ज घटलेल्या क्षेत्रावरच मिळत राहिलं. कशासाठी? आकडा चढवताना त्यांच्याच माणसाकडून झालेल्या चुकीसाठी! शेतकऱ्याला असं फिरवणं हा सरळ अन्याय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १५५ अशा लेखनप्रमादासाठीच (लिहिताना झालेल्या चुकीसाठीच) आहे. त्याखाली दुरुस्ती केव्हाही होते, आदेश तहसीलदार देतात. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का (अर्ज मिळाल्याचा) घ्याच. नाकारलं तर लेखी नकार मागा.

माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा बेरजेचा. गटाचं एकूण क्षेत्र आणि सगळ्या खातेदारांची बेरीज ताडून पाहा. एकूण क्षेत्र जुनंच आणि बेरीज नेमकी ६३ आरने (०.८१ वजा ०.१८, म्हणजे ०.६३ हेक्टरने) कमी भरली, तर तुमची जमीन दुसऱ्या कुणाच्या नावे गेलेली नाही, हे उघड आहे. सोबत जुना सातबारा, खरेदीचा फेरफार (हक्कबदलाची नोंद) आणि दस्ताची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) जोडा. फेरफार जीर्ण आहे म्हणाले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा.

मात्र ते क्षेत्र दुसऱ्याच्या खात्यावर चढलं असेल आणि तो हरकत घेत असेल, तर तो वाद झाला. मग वकील गाठाच. मी वकील नाही, अनुभवाचं सांगतोय.

मालकी खरेदीखताने आलीय म्हणून निर्धास्त राहू नका. कलम १५७ प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरीच धरतात, म्हणजे चुकीची नोंदसुद्धा.

आणि आदेश झाला की काम संपलं असं नाही. तो तहसीलात पडून राहतो. तलाठ्याने फेरफार धरला का, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला का, ते स्वतः बघा. मग डिजिटल सहीचा नवा उतारा पीककर्ज देणाऱ्या सोसायटीत नेऊन द्या. त्यांच्या दप्तरी जुनाच असतो.