वाचकांचे प्रश्न : सामायिक भाजीबाग

प्रश्न : वस्तीतल्या रिकाम्या प्लॉटवर आम्ही शेजारी मिळून भाजीपाला लावणार आहोत. तिथे पूर्वी घर होतं, नंतर राडारोडाही पडला. थेट जमिनीत लावलं तर चालेल?

उत्तर : माती तपासल्याशिवाय नको. जुन्या रंगातलं आणि रहदारीच्या धुरातलं शिसं मातीत वर्षानुवर्षं राहतं. आठ-दहा ठिकाणची सहा इंचांपर्यंतची माती एकत्र मिसळा, त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या आणि शिशाची तपासणी मुद्दाम सांगा; नेहमीच्या माती परीक्षणात ती बहुधा नसते. जुन्या भिंतीलगतची माती वेगळ्या पिशवीत द्या.

अहवाल वाईट आला म्हणून बेत सोडू नका. जाड जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, पण खालची माती वर मिसळू न देणारं कापड) अंथरून वर फूटभर उंचीचे गादीवाफे करा. रुंदी 4 फूटच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि माती तुडवली जात नाही. 4 × 8 फुटांच्या वाफ्याला 32 घनफूट, म्हणजे सुमारे 900 लिटर भर लागते : दोन भाग खात्रीची माती, एक भाग मुरलेलं खत. नुसतं खत भरलं तर वाफा काही महिन्यांत खचतो. कडेला रेल्वेचे जुने स्लीपर वापरू नका. त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवण्यासाठी मुरवलेलं विषारी रसायन असतं.

शिसं नसलं तरी राडारोड्यातल्या चुना-सिमेंटने सामू (pH) चढतो, म्हणजे माती अल्कधर्मी होते. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर झाडाला लोह मिळत नाहीये असं समजा.

प्रश्न : प्रत्येक घरची भाजी वेगळी. वाफे वाटून दिले, तरी वाद होतात.

उत्तर : वाफे घरांप्रमाणे वाटण्याआधी पिकाच्या उंचीप्रमाणे जागा ठरवा. उत्तर गोलार्धात वेलांचे मांडव प्लॉटच्या उत्तर टोकाला घ्या, म्हणजे सावली कुणाच्या टोमॅटोवर पडत नाही. टोमॅटोला किमान सहा तास ऊन लागतं. पालेभाज्या चार तासांतही येतात. पुदिना कुंडीतच हवा, नाहीतर जमिनीखालून शेजारच्या वाफ्यात शिरतो.

वादाचं दुसरं कारण जास्त नाजूक आहे. भोपळ्याचे कोवळे शेंडे काहींची रोजची भाजी, तर काही जण फळाची वाट पाहत असतात. राजगिरा एकाला तण वाटतो, दुसऱ्याने तो मुद्दाम पेरलेला असतो. म्हणून प्रत्येक वाफ्यावर पाटी लावा : लावणाऱ्याच्या भाषेत नाव, रोपाचं चित्र आणि काय खुडायचं त्याची खूण. पाटी नसलेल्या वाफ्यातलं काहीही विचारल्याशिवाय उपटायचं नाही, हा नियम पहिल्या बैठकीतच करा.

प्रश्न : खताच्या ढिगाला दुर्गंधी येते.

उत्तर : ओलं जास्त, हवा कमी. एक टोपली ओल्या कचऱ्याला दोन-तीन टोपल्या सुका पाला घाला, ढीग उलथा आणि वरून पाल्याचा जाड थर द्या. मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, इतपतच ओल हवी. तीन फुटांपेक्षा लहान ढीग नीट तापत नाही, त्यामुळे घरोघरी छोटे ढीग करण्याऐवजी सगळ्यांचा मिळून एकच करा.