व्यक्ती एक, भूमिका अनेक

प्रश्न : आमच्या खरेदी-विक्री व्यवस्थेचे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड मॉडेल करताना आम्ही ‘व्यक्ती’ या मूळ क्लासपासून (क्लास म्हणजे एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टचा साचा) ग्राहक, पुरवठादार आणि कर्मचारी असे तीन उपक्लास काढले. काही पुरवठादार आमच्याकडून मालही घेतात. त्यांची नोंद दोनदा होते आणि एकीकडे बदललेला पत्ता दुसरीकडे जुनाच राहतो. ‘ग्राहक-पुरवठादार’ असा चौथा क्लास करावा का?

उत्तर : करू नये. उद्या एखादा कर्मचारीही ग्राहक होईल आणि तीन भूमिकांचे सगळे मेळ धरले तर तुम्हाला सात क्लास सांभाळावे लागतील. जावा किंवा सी++ मध्ये एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास पुढे बदलता येत नाही, म्हणून जे आज आहे आणि उद्या नसेल ते इनहेरिटन्सने, म्हणजे मूळ क्लासपासून उपक्लास काढून, दाखवणे मुळातच चुकीचे ठरते. ग्राहक असणे हा माणसाचा प्रकार नाही, ते तुमच्याशी असलेले नाते आहे. नाव आणि पत्ता ‘पक्ष’ (व्यवहारातली व्यक्ती किंवा संस्था) या एकाच क्लासमध्ये ठेवा आणि भूमिकांचे स्वतंत्र ऑब्जेक्ट त्याला जोडा. उधारीची मर्यादा ग्राहकाच्या भूमिकेत जाईल, माल पोहोचवण्याची मुदत पुरवठादाराच्या. प्रत्येक भूमिकेला सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्यायला मात्र विसरू नका.

याच जातीची आणखी एक चूक मला वारंवार दिसते, आणि ती अधिक महागात पडते. ऑर्डरमधली ओळ वस्तूकडे बोट दाखवते आणि दर तिथूनच वाचते. मग दर वाढला की जुन्या ऑर्डरींची रक्कमही बदलते. ठरलेला दर हा त्या व्यवहाराचा भाग आहे, म्हणून तो ऑर्डरच्या ओळीतच उतरवून घ्यावा.

ओस्लोमध्ये दाल आणि न्यूगोर यांनी सिम्युला ६७ ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली तेव्हा ऑब्जेक्ट म्हणजे प्रत्यक्ष व्यवस्थेची नक्कल करताना स्वतः काम करणारा घटक होता. डेटाबेसच्या तक्त्यांवरून क्लास पाडताना नेमके हेच हरवते. त्यासाठी केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये मांडलेली सीआरसी कार्डे मला आजही यूएमएल या मॉडेल रेखाटण्याच्या प्रमाण चित्रभाषेतल्या आकृत्यांआधी वापरावीशी वाटतात : एका कार्डावर क्लासचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि त्याला मदत करणारे क्लास, एवढेच. गोदाम आणि हिशेब सांभाळणाऱ्यांना सोबत बसवा आणि अर्धा माल रवाना झालेली ऑर्डर रद्द करून पाहा. ‘हे कोण ठरवणार?’ या प्रश्नाला कोणतेच कार्ड उत्तर देत नसेल, तर तिथे एक क्लास अजून सापडायचा आहे.