पाच परकऱ्या पोरी आणि मुदतठेव

फोंड्याहून एका ताईंनी विचारलं आहे: "जानेवारीत मुलीचं लग्न. जावई सासष्टीतले ख्रिस्ती, म्हणून रिसेप्शनला नवरा-नवरीपुढे फुलं घेऊन चालणाऱ्या लहान मुली हव्यात. भावाच्या दोन, बहिणीची एक, व्याह्यांकडच्या दोन. पणजीच्या बुटीकमध्ये गाऊन प्रत्येकी ९,०००. बहीण आपल्या मुलीचे पैसे देते म्हणते, भावाला परवडणार नाही. ३ लाखांची दोन वर्षांची ठेव एप्रिलमध्ये पिकते. ती मोडू, की भावाची एक मुलगी कमी करू?"

ताई, दोन्ही करू नका.

आधी हिशेब. पाच गाऊनचे ४५,०००. बुटीकवाल्याला विचारा, यात जीएसटी धरलाय का? तयार कपडा नगाला २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेला की १८ टक्के. धरला नसेल तर तुमचे ४५,००० थेट ५३,१०० होतात.

आता ठेव. व्याज ७ टक्के आणि मुदतीआधी मोडल्याचा दंड १ टक्का धरला, तर वीस महिन्यांचे सुमारे ५,००० रुपये हातचे जातात, तेही पूर्ण ३ लाखांवर. अगदीच नड आली तर त्याच ठेवीवर कर्ज घ्या. ४५,००० चार महिन्यांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर व्याज १,३५० रुपये होतं, आणि ठेव आपली वाढत राहते. तुमच्या बँकेचे दर थोडे वेगळे असतील, पण फरक एवढाच मोठा राहील.

मात्र माझ्या मते कर्जाचीही गरज नाही. कापायचं असेल तर कापडात कापा, पोरींत नाही. दोन सख्ख्या बहिणींतली एक पुढे चालली आणि दुसरी खुर्चीत बसली, तर तुमचे ९,००० वाचतील, पण भावजय ते कधी विसरणार नाही. आणि बहिणीकडूनही पैसे घेऊ नका. तिने दिले आणि भावाने दिले नाहीत, हे त्या पोरींच्या कानावर जायला वेळ लागत नाही. पाचही जणींचा खर्च तुमचा, पण मुलीमागे मर्यादा २,५००. एकूण १२,५००. एवढे तर महिन्याच्या शिलकीतून निघतील.

त्यात काय येईल? नेटचे थर लहान अंगाला टोचतात, पोर वाटेतच रडायला लागते. सुती अस्तराचा साधा फ्रॉक शिवून घ्या, किंवा कुणबी लुगड्याच्या लाल चौकटीच्या कापडाचा परकर-पोलका. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्स यांनी हे कापड पुन्हा लोकांपुढे आणलं. दोन्ही घरांना ते आपलंच वाटेल. शिवणीत भरपूर माया ठेवायला सांगा, म्हणजे पुढच्या चतुर्थीलाही तोच परकर नेसता येईल. केसांत अबोलीची फाती, म्हणजे गजरा, पुरे. फक्त विहीणबाईंना आधी फोन करा. त्यांच्याकडे पांढऱ्या रंगाचा आग्रह असेल, तर पांढरं सुती घ्या. तेही याच पैशांत बसेल.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती पाच गाऊनपेक्षा कितीतरी महाग पडू शकते. गोव्याच्या नागरी कायद्यात, वेगळा करार नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. वेगळं काही ठरवायचं असेल तर करार लग्नाआधीच करावा लागतो. नंतर बदलता येत नाही. मुलीला आणि जावयांना एकत्र बसवून हे सांगा, आणि वकिलाला या आठवड्यातच भेटा.

शिंप्याकडेही याच आठवड्यात जा. नाताळाची कामं अंगावर असली की तो जानेवारीपर्यंत कापड हातात घेत नाही. मापं मात्र थोडी सैल घ्या, कारण या वयात पोरी महिन्याभरातही बोटभर वाढतात.