तळ्याच्या बांधातनं पाणी पाझरतंय, तोंड बुजवू का?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. गावाच्या वरच्या अंगाला मातीच्या बांधाचं जुनं तळं आहे, खालची भातशेती त्याच्यावरच. यंदा तळं भरल्यापासून बांधाच्या पायथ्याला बोटाएवढी धार लागलीय. काहीजण म्हणतात चिकणमाती आणि सिमेंट मारून बंद करूया. सांडव्यावर पण पोरांनी वाळूची पोती रचलीत, हातभर पाणी जास्त थांबतंय. बरोबर आहे का ओ हे?

उत्तर : दादा, धार बुजवू नका आणि पोती तर आजच्या आज काढा. मातीच्या बांधावरनं एकदा पाणी वाहायला लागलं की माती धुपत जाते आणि काही तासांत खिंडार पडतं, आणि आपल्याकडं कणकुंबी-जांबोटीच्या अंगाचा पाऊस एका रात्रीत तळ्याची पातळी कुठल्या कुठं नेतो, त्या पाण्याला वाट एकच, सांडवा. तो मोकळाच पाहिजे, त्यातली झुडपं पण काढून टाका.

आता धारेचं. मातीचा बांध थोडा पाझरतोच, बघायचं ते पाण्याबरोबर माती येते का. काचेची पांढरी बाटली धारेखाली भरा, रात्रभर हलवू नका, सकाळी तळ बघा. तळ स्वच्छ असेल तर धारेखाली घागर लावून किती वेळात भरते ते दर आठवड्याला वहीत लिहा, शेजारी तळ्याची पातळी पण लिहा. पातळी तेवढीच आणि धार वाढतेय, किंवा बाटलीत गाळ बसलाय, तर आतनं माती पोखरली जातेय, मग थांबायचं नाही. मोरी, म्हणजे बांधातनं पाणी सोडायचं दार, उघडून पाणी उतरवा, खालच्या घरांना सांगा, तहसीलदारांना फोन करा. धारेवर आधी जाड वाळू, मग खडी, वर दगड असं टाका, म्हणजे पाणी जाईल आणि माती अडेल. सिमेंट मारलं तर पाणी आतच कोंडतं आणि दुसरीकडनं फुटतं.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तेही मातीचंच, आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं, म्हणून एवढं तळमळीनं लिहितोय.

बांधावरची खेकड्यांची, घुशींची बिळं पाणी उतरल्यावर खणून, माती थराथरानं ठोकून भरा. कोवळी रोपं मुळासकट उपटा, मोठं झाड मात्र स्वतःहून पाडू नका, आत राहिलेली मुळं कुजली की पाण्याला आयती नळी होते, ते इंजिनिअरला दाखवूनच.

अर्ज कुठं द्यायचा ते पण सांगतो, आपल्या कर्नाटकात तळ्याखालचं भिजणारं क्षेत्र 40 हेक्टरच्या आत असेल तर जिल्हा पंचायतीकडं, त्याच्यावर 2000 हेक्टरपर्यंत लघु पाटबंधारे खात्याकडं. बाटलीचा आणि धारेचा फोटो, वहीची पानं जोडा आणि पोचपावती घेतल्याशिवाय तिथनं उठू नका.