चेहरा व्हिलनचा, मार्कशीट कॉमर्सची

पत्र: मुलगा सीए इंटर झालाय, आर्टिकलशिपचं (सीएसाठीच्या सक्तीच्या उमेदवारीचं) दीड वर्ष बाकी आहे. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाला काम केलं तेव्हापासून नट व्हायचं डोक्यात आहे. त्याचा एक डोळा किंचित तिरका आहे. ‘तुला हिरो कोण करणार?’ म्हटलं, की जुन्या वेस्टर्नमधल्या, म्हणजे काउबॉय सिनेमांतल्या, खलनायक जॅक इलॅमचा फोटो दाखवतो. ‘हाही अकाउंटंटच होता, बाबा!’ यावर काय बोलावं? – एक वडील, सांगली

नमस्कार.

चिरंजीवांनी वकील नामी निवडलाय, पण केस अर्धीच सांगितलीय.

इलॅम खरोखरच हिशेबनीस होता. अ‍ॅरिझोनातल्या मायामी नावाच्या खाणगावात जन्मलेला. लहानपणी पेन्सिल लागून त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे हॉलिवूडमध्ये तो ऑडिटचं काम करू लागला, आणि दिवसभर आकड्यांत डोकं घालून उरलेल्या डोळ्यावर ताण यायला लागला. हे काम सोड, नाहीतर तोही डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं.

पण तो वह्या मिटून थेट ऑडिशनच्या रांगेत जाऊन उभा राहिला नाही. निर्मात्यांची पैशाची नड त्याला आतून ठाऊक होती. कमी बजेटच्या वेस्टर्नसाठी भांडवलाची जुळवाजुळव करून देतो, बदल्यात मला खलनायकाचं काम द्या, असा सौदा त्याने केला. ज्या कॉमर्सला तुमचा मुलगा कंटाळलाय, त्याच कॉमर्सने इलॅमला दार उघडून दिलं. ही गोष्ट त्याला जरूर सांगा.

आता चेहऱ्याचं. १९५२ च्या ‘हाय नून’मध्ये इलॅम कोठडीतला दारुडा आहे, जेमतेम काही क्षण. पण अमेरिकेत टीव्ही घराघरांत पोचत होता. ‘गनस्मोक’ १९५५ ला सुरू झाली ती १९७५ पर्यंत चालली, ६३५ भाग. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अशा दोन डझनांहून जास्त वेस्टर्न मालिका एकाच वेळी चालू होत्या. शेरीफ (गावचा पोलीसप्रमुख) तोच, पण दर आठवड्याला नवा दरोडेखोर लागायचा. चेहरा पाहताक्षणी माणूस कळला पाहिजे, कारण ओळख करून द्यायला वेळच नाही. इलॅमचा भलतीकडे पाहणारा डोळा तिथे भांडवल ठरला. एकाच मालिकेत तो पुन्हा पुन्हा यायचा, दर वेळी वेगळ्या नावाने.

पण नुसत्या डोळ्यावर काही चार दशकं निघत नाहीत. १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची सुरुवात मुलाबरोबर बसून बघा. रेल्वे स्टेशनवर तीन बंदूकवाले वाट पाहताहेत. इलॅमच्या दाढीवर, ओठावर माशी बसते. तो हात न उचलता फुंकर मारतो, तोंड वाकडं करतो, आणि शेवटी तिला पिस्तुलाच्या नळीत कोंडून कानाशी धरतो. संवाद नाही, पुढे थोड्याच वेळात मरायचंय, तरी नजर त्याच्यावरून हलत नाही. (मला तर त्या प्रसंगात हिरोपेक्षा तोच आठवतो.) दुसऱ्याच वर्षी ‘सपोर्ट युअर लोकल शेरीफ’मध्ये त्याने त्याच चेहऱ्यावर हशा वसूल केला, आणि वेस्टर्नचा बाजार बसू लागला तेव्हा विनोदी कामांनी त्याला तारलं.

आपल्या धंद्याचे टप्पे तो गमतीने सांगायचा: जॅक इलॅम कोण? – जॅक इलॅमला बोलवा – जॅक इलॅमसारखा कुणीतरी आणा – तरुण जॅक इलॅम आणा – जॅक इलॅम कोण? चिरंजीवांना पहिला आणि शेवटचा टप्पा झेपणार असेल, तरच या वाटेला जावं.

माझं स्पष्ट मत: आर्टिकलशिप अर्ध्यावर सोडू देऊ नका. संध्याकाळचं नाटक मात्र बंद करू नका. दीड वर्षाने त्याने मुंबईत एखाद्या निर्मितीसंस्थेच्या अकाउंट्समध्ये नोकरी धरावी. मालिकेतल्या कामाचे पैसे हातात पडायला साधारण ९० दिवस लागतात, तोवर खोलीचं भाडं पगारातून निघेल. शिवाय कुठल्या मालिकेत कसली माणसं लागताहेत, हे सेटवर रोज दिसेल. ऑडिशनला फोटो पाठवताना डोळा लपवणारा अँगल शोधू नये, सरळ समोरून काढलेला पाठवावा.

आणि ‘तुला हिरो कोण करणार?’ हे वाक्य घरात बंद करा. फोटो इलॅमचा दाखवतोय म्हणजे हिरो व्हायचंय असं तो म्हणतच नाहीये.