जुना मीरशॉम पाइप मीठ आणि अल्कोहोल घालून साफ करावा का?

तुम्ही लिहिलंय की घरच्या जुन्या सामानात तंबाखू ओढायचा मीरशॉमचा पाइप सापडला, आतून काळा जाड थर बसलाय, बाहेरून पिवळट-तपकिरी झालाय. मित्राने बाउलमध्ये (तंबाखू भरायच्या खोलगट भागात) मीठ भरून वर अल्कोहोल ओतून रात्रभर ठेवायला सांगितलंय, आणि पाइप पुन्हा पांढरा होईल का, हेही तुम्हाला विचारायचंय.

मीठ-अल्कोहोल अजिबात करू नका. ती पद्धत ब्रायरची, म्हणजे लाकडी पाइपची. तुमचा पाइप दगडाचा आहे, आणि तोही सच्छिद्र दगडाचा. अल्कोहोलमध्ये जुनं डांबर विरघळेल आणि ते सगळं दगडात मुरून बाहेरच्या बाजूला डागांच्या रूपात उमटेल. विरघळलेलं मीठ छिद्रांत जाऊन बसेल ते वेगळंच.

हा दगड म्हणजे सेपिओलाइट, मॅग्नेशियमचं एक सिलिकेट खनिज. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या आसपास जमिनीखालून तो काढतात. मोहच्या मापावर याचा कठीणपणा २ च्या आसपास, म्हणजे नखानेही ओरखडा उठू शकतो. कोरडा तुकडा पाण्यावर तरंगतो. कोरीवकाम करणारे तो आधी पाण्यात भिजवतात, कारण ओला झाला की तो साबणाच्या वडीसारखा सुरीने कापला जातो. मग वाळवतात, वितळलेल्या मधमाशांच्या मेणात बुडवतात आणि घासून चकाकी आणतात. पुढे सांगितलेलं सगळं यावरूनच ठरतं: पाणी याला मऊ करतं, उष्णता मेण सैल करते आणि लोखंडी हत्यार याला सहज खातं.

बाहेरचा पिवळट-तपकिरी रंग मळ समजू नका. पाइप ओढताना तंबाखूतलं डांबर दगडात शिरतं, गरम मेणाबरोबर पुढे सरकतं, आणि पांढरा पाइप आधी पिवळसर, मग मधाच्या रंगाचा, शेवटी गडद तपकिरी होत जातो. हा रंग यावा म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट पाहतात. तुमच्या पाइपवर तो आयता आलाय, तेव्हा पॉलिश पेपर घेऊन तो खरवडायला बसू नका. मेणही जाईल, रंगही जाईल, आणि कोरीवकाम असेल तर त्याच्या कडा बोथट होतील. पांढराच हवा असेल तर नवा घ्या.

आता आतला थर. ब्रायरच्या बाउलमध्ये नाण्याच्या जाडीएवढा कोळशाचा थर मुद्दाम राखतात, कारण तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो. मीरशॉमला या संरक्षणाची गरज नसते. उलट जाड थर तापला की फुगतो आणि दगडाला आतून दाब देतो, त्याने बाउलला चीर जाऊ शकते. म्हणून तुमचा थर काढायलाच हवा, पण रीमरने नाही. ब्रायरसाठी मिळणारी ती फिरणारी पाती इथे एका फेरीत दगड कापून मोकळी होतात.

मी बोथट टोकाची छोटी सुरी वापरतो. पाइप हातात नीट धरायचा, बाहेरून बोटाचा आधार द्यायचा आणि पातं भिंतीला जवळजवळ समांतर ठेवून हलकेच ओढायचं. जोर लावायचा नाही, कातळ फोडायचा नाहीये. खरवडताना खाली पांढरा कागद अंथरा आणि पडणाऱ्या भुकटीवर लक्ष ठेवा. काळी, चमकदार, दाणेदार पडतेय तोवर ती कोळशाची. फिकट तपकिरी, पिठासारखी पडायला लागली की ती दगडाची, तिथेच हात थांबवायचा. शेवटचा पातळ काळा लेप राहिला तर राहू द्या. फारच खुपत असेल तर बोटाला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून दोन-चार वेळा फिरवा. तळाजवळ, जिथे धुराचं भोक आहे, तिथे मात्र हत्यार घालू नका. तिथला दगड पातळ असू शकतो. पाइप क्लीनरचं टोक दुमडून तेवढी जागा पुसली तरी पुरे.

स्टेम (तोंडात धरायची नळी) काढण्याआधी जोड कसा आहे ते बघा. जुन्या पाइपांत हाडाचा, आटे पाडलेला जोड असतो, तो फिरवून उघडावा लागतो. नव्या पाइपांत बहुतेक वेळा पांढऱ्या प्लास्टिकची खुंटी असते, ती हलकेच फिरवत सरळ ओढायची. घट्ट बसला असेल तर झटका देऊ नका, दांडी (बाउलला जोडलेली दगडी नळी) तुटते ती इथेच. अल्कोहोलचा थोडासा उपयोग असेल तर तो इथे: पाइप क्लीनरचं टोक किंचित ओलं करून, नीट पिळून, स्टेमच्या बाजूने आत घाला, थोडं थांबा, मग पुन्हा प्रयत्न करा. दांडीच्या आतली घाणही अशाच जेमतेम ओल्या क्लीनरने निघते, लगेच मागून कोरडा क्लीनर फिरवा.

पण आधी स्टेम कशाचा आहे ते ओळखा. जुन्या पाइपला अंबर असू शकतं, आणि अंबरला अल्कोहोल लागलं की पृष्ठभाग धुरकट होतो. अ‍ॅक्रिलिकलाही त्याने बारीक चिरा पडू शकतात. या दोन्हींपैकी काही असण्याची शंका असेल तर वरची युक्ती विसरा. स्टेम वेगळा झाल्यावर साधं पाणी आणि भांडी घासायचा सौम्य साबण पुरतो. काळ्या रबराचा स्टेम हिरवट-तपकिरी पडला असेल तर त्याला गरम पाणी नको, आणखी फिका पडेल.

बाहेरून धूळ आणि चिकटपणा असेल तर मऊ सुती कापड किंचित ओलं करून पुसा आणि ताबडतोब कोरडं करा. नक्षीच्या खाचांसाठी इअरबड बरा. नळाखाली धरू नका. कडेवरची काजळी अशीच बरीचशी निघते. लायटरची ज्योत लागून दगड जळला असेल तर तो डाग कायमचा आहे, त्याच्या मागे लागू नका.

मेण पुन्हा द्यायचं का? पृष्ठभाग खडूसारखा कोरडा दिसत असेल तरच. मधमाशांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे हेअर ड्रायरने पाइप सगळीकडून सावकाश गरम करायचा आणि मेणाची वडी हलकेच फिरवायची. मेण आत शोषलं जाईल, उरलेलं गरम असतानाच पुसून घ्यायचं, थंड झाल्यावर मऊ कापडाने चकाकी आणायची. एका ठिकाणी ड्रायर रोखून धरू नका, चीर पडेल. फर्निचर पॉलिश आणि कुठलंही तेल कटाक्षाने टाळा.

पुढे तुम्ही तो ओढणार असाल तर (ओढावा असा माझा आग्रह मुळीच नाही, नुसता मांडून ठेवलात तरी छान दिसेल) रोजचं काम फार नाही. पाइप पूर्ण थंड होऊ द्या, त्याआधी स्टेम काढू नका. राख झटकायला टेबलावर किंवा बुटाच्या टाचेवर आपटू नका. टिश्यूचा बोळा करून बाउलमध्ये गोल फिरवा, दांडीतून कोरडा क्लीनर घाला. हे प्रत्येक वेळी केलंत तर खरवडायची वेळच येत नाही. गरम असताना बाउलला बोटं लावू नका, मेण मऊ असतं आणि ठशांचे डाग रंगात अडकतात. स्टेमला धरा.

मखमली अस्तराची मूळ पेटी असेल तर पाइप आतून वाळल्याशिवाय ती बंद करू नका, ओल कोंडली की वास बसतो आणि अस्तराला बुरशी येते. आणि बाउलवर केसासारखी चीर दिसली तर फेविक्विक घेऊन बसण्याआधी स्वच्छ उजेडात फोटो काढून इथे टाका. ती मेणाची आहे की दगडाची, हे त्यावरून बऱ्याचदा कळतं, आणि दगडाची असेल तर काम दुरुस्ती करणाऱ्या माणसाचं आहे.